स्का बँडचा संकलन अल्बम कसा बांधावा : बेळगाव सीमाभागातील वादकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडचा एखादा बँड काही वर्षे टिकला की त्याच्याकडे ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा जमतो. स्टुडिओत नीट केलेली गाणी, गणेशोत्सवाच्या मंडपात कुणीतरी टिपून ठेवलेले कार्यक्रम, महाविद्यालयीन स्पर्धांतील वादन आणि तालमीत फोनवर घेतलेले तुकडे असा हा साठा असतो, आणि तो एकत्र करून अल्बम काढावा असा विचार कधी ना कधी पुढे येतोच. विचार योग्य असतो, परंतु हाताशी आहे ते सगळेच घ्यायचे ठरले की काम फसते. बँडच्या जुन्या चाहत्यांना ही गाणी आधीच पाठ असतात. संकलन अल्बम खरा उपयोगी पडतो तो ज्याने या बँडचे एकही गाणे ऐकलेले नाही अशा श्रोत्याला, आणि म्हणून गाण्यांची निवड, त्यांचा क्रम, परवानग्या, आवाजाची पातळी आणि वेष्टनावरचा मजकूर या सर्व गोष्टी त्याच अनोळखी श्रोत्याला डोळ्यांपुढे ठेवून ठरवाव्यात.

स्का हा संगीतप्रकार १९५० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात घडला आणि ६ ऑगस्ट १९६२ रोजी तो देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तेथील नाचाच्या मैफलींवर त्याचेच राज्य होते. चार मात्रांच्या ठेक्यात गिटार किंवा पियानो मात्रेवर न वाजता दोन मात्रांच्या मधोमध तुटक आघात करतो, बास स्वरांच्या पायऱ्या चढत-उतरत अखंड चालत राहतो आणि त्यावर ट्रंपेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन एकत्र मुखडा वाजवतात. १९६६ च्या सुमारास ही लय मंदावून रॉकस्टेडी झाली आणि त्यानंतर दोनेक वर्षांत रेगे. १९७९ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात संगीतकार जेरी डॅमर्स यांनी टू टोन ही ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि स्काला पुन्हा उभारी दिली. आपल्या भागात हा प्रकार हाताळणे वाटते तितके अवघड नाही, कारण त्याला जी फुंकवाद्ये लागतात ती वाजवणारी माणसे येथे आहेत. लग्नाच्या वरातीत वाजवणारे ब्रास बँड गावोगावी आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावातच असल्याने लष्करी बँडचे वादन शहराच्या कानाला परिचित आहे, आणि चोर्ला घाट उतरला की गोव्यात ट्रंपेट वाजवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे.

अभ्यासासाठी एक नमुना

काम सुरू करण्यापूर्वी एखादा यशस्वी संकलन अल्बम हातात कागद-पेन घेऊन ऐकावा. त्यासाठी लंडनच्या मॅडनेस या बँडचा १९८२ मध्ये स्टिफ रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलेला ‘कम्प्लीट मॅडनेस’ हा अल्बम मी सुचवीन. त्यात १६ गाणी आहेत आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. या बँडचे पहिले गाणे १९७९ मध्ये टू टोनतर्फे आले होते. संकलनाची सुरुवात त्यानेच होईल असे कुणालाही वाटेल, परंतु ते पहिल्या बाजूवर सहाव्या क्रमांकावर आहे आणि सुरुवात १९८० च्या एका लोकप्रिय गाण्याने होते. दुसऱ्या बाजूचे पहिले स्थान ‘हाऊस ऑफ फन’ या तेव्हा अगदी ताज्या असलेल्या गाण्याला दिले आहे, आणि हेच पुढे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले त्यांचे एकमेव गाणे ठरले. शेवट एका शब्दरहित वाद्यरचनेने होतो.

या मांडणीतून तीन गोष्टी शिकता येतात. एक म्हणजे कालक्रम पाळण्याचे कोणतेही बंधन नाही. दुसरी अशी की संकलनात एक नवे गाणे असावे आणि ते शेवटी कोंबण्याऐवजी मानाच्या जागी ठेवावे, म्हणजे जुन्या चाहत्यालाही अल्बम घेण्याचे कारण मिळते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : त्या १६ गाण्यांत जपानमधील एका मोटारीच्या जाहिरातीसाठी केलेले गाणेही आहे. आपल्याकडे दुकानाच्या उद्घाटनासाठी किंवा एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनासाठी केलेली गाणी कमी प्रतीची समजून बाजूला टाकली जातात, परंतु चाल पक्की असेल तर ते गाणे कशासाठी केले होते याला महत्त्व देऊ नये.

दुसरा नमुना सावध करणारा आहे. किंग्स्टनमधील स्कॅटलाइट्स हा स्काचा मूळ वाद्यवृंद १९६४ मध्ये एकत्र आला आणि १९६५ मध्ये विखुरला, परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी वेगवेगळ्या निर्मात्यांसाठी विपुल ध्वनिमुद्रण केले. त्यातील रचना कधी वृंदाच्या नावाने, कधी डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक किंवा रोलंड अल्फान्सो या वृंदातील वादकांपैकी एकाच्या नावाने निघाल्या, त्यामुळे नंतरच्या संकलकांना कोणत्या रचनेत कोण वाजवत आहे हे ठरवण्यासाठी बराच खटाटोप करावा लागला. त्या वृंदातील अनेकांनी किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूल या शाळेत फुंकवाद्याचे शिक्षण घेतले होते. तयारीत ते कुठेही कमी नव्हते. कमी पडली ती नोंद.

साठा गोळा करणे आणि नोंदवही

म्हणून पहिले काम नोंदवहीचे. संगणकावरचा तक्ता चालेल, आडवी वहीही चालेल, परंतु प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे गाण्याचे नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख व जागा, गायक, प्रत्येक वाद्याचा वादक, गीतकार, संगीतकार, खर्च कोणी केला, मूळ फाइल किंवा फीत कोणाकडे आहे आणि ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते का, हे लिहिलेच पाहिजे. आठवणीवर विसंबून एकट्याने ही वही भरू नये. आजी-माजी सर्व सदस्यांना एकदा एकत्र बसवावे आणि ध्वनिमुद्रणे ऐकत ऐकत रकाने भरावेत. वाद होतील, पण ते आता झालेले बरे, कारण छपाईनंतर झालेल्या वादाला उत्तर नसते.

नेहमी मूळ प्रत शोधावी. समाजमाध्यमावर चढवलेल्या किंवा फोनवरून फोनवर फिरलेल्या फाइलीचा दर्जा प्रत्येक टप्प्यावर उतरलेला असतो, आणि स्कामध्ये त्याचा फटका झांजेला व गिटारच्या तुटक आघाताला बसतो, म्हणजे नेमका ज्यावर हा प्रकार उभा आहे त्यालाच. स्टुडिओतून मिक्सची, म्हणजे सर्व वाद्ये जुळवून तयार केलेल्या गाण्याची, वेव्ह (तपशील न गाळलेली) फाइल मागून घ्यावी, आणि स्टुडिओ बंद पडला असेल तर त्या वेळच्या ध्वनिमुद्रकाकडे जुनी हार्ड डिस्क आहे का याची चौकशी करावी. ज्या काही एमपीथ्री फाइली मिळतील त्यांना वेव्हमध्ये बदलल्याने गेलेला तपशील परत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या कॅसेटींच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार करावा लागतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात घरातील प्रत्येक वस्तूला बुरशी धरते आणि फिती त्याला अपवाद नाहीत. कॅसेटच्या खिडकीतून पाहता फितीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नये, कारण बुरशी डेकच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागून पुढच्या प्रत्येक फितीवर पसरते. अशी फीत आधी साफ करून घ्यावी. निरोगी फीतही एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून सैल करावी, डेकचे हेड स्वच्छ करावे आणि हेडचा कल जुळवावा. तो जुळवताना दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकाव्यात. झांजेचा आवाज ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्ट होतो ती योग्य जागा. फितीवरून संगणकावर घेताना २४ बिट खोलीने घ्यावे आणि प्रारंभी कोणतीही सफाई करू नये. ती नंतर प्रतीवर करता येते.

एक तांत्रिक चूक इतक्या वेळा घडते की तिचा स्वतंत्र उल्लेख करतो. कार्यक्रमाच्या चित्रफितीतील आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा (म्हणजे सेकंदात तितक्या वेळा मोजून नोंदलेला) असतो, तर सीडीसाठी ४४,१०० नमुने लागतात. फाइलचे योग्य रूपांतर न करता ती ४४,१०० ची समजून वाजवली, तर स्वर सुमारे दीड अर्धस्वराने उतरतो आणि लय सुमारे ८ टक्क्यांनी मंदावते. गाणे तेव्हाही सुरेलच वाटते, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. पडताळणीचा उपाय सोपा आहे. ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोन ही बी-फ्लॅटची, म्हणजे पेटीवरील काळी पाचची वाद्ये असल्याने बँडची बरीच गाणी काळी पाच, पांढरी चार किंवा काळी दोनमध्ये बसवलेली असतात. ट्रंपेटवाल्याला गाण्याबरोबर मुखडा वाजवायला सांगावा आणि बोटे नेहमीच्या जागी पडत नसतील तर फाइल तपासावी.

निवड

नोंदवही पूर्ण झाली की निवड सुरू होते. वेळेचे बंधन येथे मदतीलाच येते. सीडीवर ७४ ते ८० मिनिटे मावतात, परंतु मावतात म्हणून भरू नयेत. अनोळखी श्रोता ४० ते ५० मिनिटांपलीकडे सलग ऐकत नाही असे समजून १२ ते १४ गाण्यांवर थांबावे. प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे आपली यादी करावी, आणि बँडबाहेरच्या दोन-तीन जाणत्या श्रोत्यांकडूनही ती करून घ्यावी. ज्या गाण्यांची नावे सर्व याद्यांत येतात ती घ्यावीत. उरलेल्या जागांसाठी मात्र मतदान करू नये, कारण मतदानातून सगळ्यांना बऱ्यापैकी आवडणारी आणि कुणालाही न आठवणारी गाणी वर येतात. तो निर्णय एका माणसावर सोपवावा आणि इतरांनी तो मान्य करावा.

निवड करणाऱ्याने काही गोष्टी सांभाळाव्यात. एकाच गाण्याची दोन रूपे घेऊ नयेत. ज्या रूपाने गाणे लोकांत रुजले ते घ्यावे, मग वादकांना नंतरचे सफाईदार रूप कितीही आवडत असो. मंडपातील ध्वनिमुद्रण एखादेच असावे आणि त्यात श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकू येत असावा, अन्यथा त्याचा दोषच तेवढा उरतो. वाद्यरचना किमान दोन असाव्यात, कारण स्का मुळात वाद्यवृंदाचे संगीत आहे. मराठी, कन्नड, कोकणी आणि हिंदी गाणी असलेल्या बँडने भाषेप्रमाणे गट पाडू नयेत. येथील श्रोता एकाच दिवसात तीन भाषा बोलतो. अल्बमनेही एका भाषेतून दुसरीत सहज जावे, आणि कोणती भाषा किती गाण्यांत आहे याचा तराजू निवडीच्या वेळी हाती धरू नये. उत्सवातील गर्दीसाठी चित्रपटांच्या चालींवर बसवलेली गाणी मात्र बाजूला ठेवावीत, आणि त्याचे कारण पुढील भागात आहे.

हक्क आणि परवानग्या

या भागाचा कंटाळा येतो, परंतु अल्बम अडतो तो येथेच. भारतातील कॉपीराइट कायदा १९५७ चा असून त्यात २०१२ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. एका ध्वनिमुद्रित गाण्यात तीन स्वतंत्र मालमत्ता असतात : शब्द, संगीतरचना आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. शब्द व संगीतावरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. बँडने ठरलेले भाडे देऊन स्टुडिओ घेतला असेल तर सामान्यतः बँड निर्माता ठरतो. एखाद्या मंडळाने किंवा स्टुडिओने स्वतःहून खर्च करून ध्वनिमुद्रण घडवले असेल तर तसे नाही. नोंदवहीतील खर्चाचा रकाना यासाठीच होता.

मॅडनेसच्या अल्बमकडे पुन्हा पाहिले तर हे विभाजन स्पष्ट होते. त्यातील ‘वन स्टेप बियाँड’ आणि बँडला नाव देणारे ‘मॅडनेस’ ही मुळात जमैकाच्या प्रिन्स बस्टर यांची गाणी आहेत. वादन मॅडनेसचे असले तरी रचना त्यांची नाही. प्रिन्स बस्टर यांचे निधन २०१६ मध्ये झाले, म्हणजे भारतीय कायद्यानुसार त्यांच्या रचनांवरील हक्क २०७६ अखेरपर्यंत राहतो. गाणे १९६० च्या दशकातले आहे म्हणून ते मोकळे झाले असा समज करून घेऊ नये. इतरांच्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करण्यासाठी कायद्याच्या ३१ सी या कलमात एक वाट आहे, परंतु मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षे जावी लागतात, पूर्वसूचना द्यावी लागते, आणि दर वर्षी प्रत्येक गाण्याच्या किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. विशिष्ट भाषा वा बोलीसाठी ही किमान संख्या कमी ठरवण्याची तरतूद कायद्यात असली, तरी लहान बँडने हक्कधारकाशी थेट पत्रव्यवहार करून लेखी परवानगी घेणे, किंवा ते गाणे सोडून देणे, हेच व्यवहार्य होय.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न वारंवार येतो. तुकोबांचा अभंग किंवा बसवण्णांचे वचन स्काच्या लयीत बसवले तर परवानगी लागते का? शब्दांसाठी लागत नाही. परंतु ज्या चालीत आपण तो अभंग लहानपणापासून ऐकला ती चाल अलीकडच्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असू शकते, आणि मग ती त्याची मालमत्ता असते. चाल स्वतः बांधली असेल किंवा परंपरेने आलेली असल्याची खात्री असेल, तरच निर्धास्त राहावे.

बँडच्या स्वतःच्या गाण्यांसाठीही करार लेखीच हवा, मग गीतकार सख्खा भाऊ का असेना. कराराचा मसुदा वकिलाला दाखवावा, मात्र त्यात काय हवे हे आपल्याला माहीत असावे. कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरणाचा करार सहीनिशी असावा लागतो आणि त्यात कोणती रचना, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधन याचा उल्लेख असावा लागतो. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा मानला जातो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. इंटरनेटवरील ध्वनिसेवा अल्बम सर्वत्र ऐकवतात, म्हणून ‘संपूर्ण जग’ असे स्पष्ट लिहावे. वादकांना कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत आणि ते ५० वर्षे टिकतात. एका दुपारी येऊन ट्रॉम्बोन वाजवून गेलेला वरातीच्या बँडमधील वादकही त्यात येतो. त्याची सही घ्यावी, बिदागीची नोंद करावी आणि नाव वेष्टनावर छापावे. सही करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याला करार कन्नडमध्ये द्यावा.

भांडून बाहेर पडलेल्या सदस्याकडे परवानगी मागायला कोणी जात नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्याच्याकडे सर्वांत आधी जावे, आणि ज्याच्याशी त्याचे बरे आहे अशा माणसाला बरोबर न्यावे.

क्रम

क्रम लावताना स्काची एक अडचण ठळकपणे समोर येते. बरीच गाणी सारख्या वेगाने धावतात, फुंकवाद्यांच्या सोयीमुळे त्याच त्या दोन-तीन सुरांत असतात, आणि गिटारचा आघात सर्वांत एकाच जागी पडतो, त्यामुळे चौथ्या गाण्यापर्यंत नवख्या श्रोत्याला एकच गाणे चालू असल्यासारखे वाटू लागते. यासाठी प्रत्येक गाण्याचा वेग आणि सूर कागदाच्या चिठ्ठीवर लिहावा आणि चिठ्ठ्या टेबलावर पुढे-मागे सरकवून पाहाव्यात. एका सुरातील दोनपेक्षा अधिक गाणी सलग येऊ देऊ नयेत. एकामागून एक दोन वेगवान गाणी झाली की रॉकस्टेडीच्या अंगाने जाणारे एखादे संथ गाणे किंवा वाद्यरचना यावी. गायक दोन असतील तर त्यांची गाणी आलटून-पालटून लावावीत. पहिल्या गाण्याचा मुखडा पहिल्या काही सेकंदांतच ऐकू आला पाहिजे. लांबलचक प्रस्तावनेचे गाणे कितीही चांगले असले तरी ते पहिले नको.

कालक्रम मी दोनच परिस्थितींत मान्य करीन : बँडचे वादन वर्षागणिक इतके बदलले असेल की तो बदल हाच ऐकण्याचा विषय ठरतो, किंवा बँड आता अस्तित्वात नसेल.

अल्बम तबकडीवर काढायचा असेल तर हा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे २० मिनिटे ठेवली तर आवाज भरदार राहतो. त्याहून अधिक वेळ भरला की खाचा अरुंद कराव्या लागतात, पातळी उतरते आणि बासचा जोर जातो. त्याशिवाय तबकडीच्या कडेला सुईखालून खाच वेगाने सरकते आणि मध्याकडे जाताना तोच वेग कमी होत जातो, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात उंच स्वर फाटण्याचा धोका असतो. ट्रंपेटच्या तार सप्तकातील कडव्याने बाजू संपवण्याचा मोह बँडला होतोच, पण त्या जागी संथ व मऊ गाणे ठेवावे आणि धडाक्याचे गाणे बाजूच्या सुरुवातीला आणावे. ६० मिनिटांच्या कॅसेटवर दर बाजूला ३० मिनिटे मिळतात. दोन्ही बाजूंची लांबी जवळपास सारखी ठेवावी, नाही तर श्रोत्याला कोरी फीत पुढे सरकवत बसावे लागते.

दोन गाण्यांमधील विराम सगळीकडे दोन सेकंदांचा ठेवण्याची सवय सोडावी. वेगवान गाण्यानंतर वेगवान गाणे येत असेल तर आधीच्या लयीत मनातल्या मनात मात्रा मोजाव्यात आणि पुढचे गाणे समेवर पडेल असा विराम द्यावा.

मास्टरिंग

वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खोल्यांत झालेली ध्वनिमुद्रणे एकमेकांशेजारी सुसह्य व्हावीत हा मास्टरिंगचा हेतू. ती एकसारखी वाटावीत असा आग्रह धरू नये. संचातील सर्वांत चांगले वाजणारे एक गाणे प्रमाण मानावे आणि इतर गाणी त्याच्या जवळ आणावीत. मंडपातील ध्वनिमुद्रणावरचा खरखराट पूर्ण काढण्याच्या नादात झांज पाण्याखालून वाजल्यासारखी येऊ लागते. त्यापेक्षा थोडी खरखर राहू द्यावी. फुंकवाद्यांचा कर्कशपणा साधारण २,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या दरम्यान बोचतो, परंतु गिटारच्या आघाताची धारही त्याच परिसरात असल्याने तेथे कात्री जपून लावावी. तबकडीसाठी बास मध्यभागी एकत्र ठेवावा.

प्रत्येक गाणे जितके मोठे करता येईल तितके करण्याची स्पर्धा निरर्थक आहे, कारण मोठ्या ध्वनिसेवा आवाजाची पातळी स्वतःच समान करतात. स्पॉटिफायचे प्रमाण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजण्याचे एकक) आहे आणि शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावे अशी त्यांची शिफारस आहे. अति दाबलेले गाणे तेथे खाली ओढले जाते आणि त्यातला ढोलाचा ठोका चपटा होऊन उरतो. तयार प्रत हेडफोनवर, साध्या फोनवर, गाडीत आणि शक्य असल्यास मंडपाच्या ध्वनिक्षेपकावरही ऐकून मगच मान्य करावी.

वेष्टनावरचा मजकूर आणि नोंदणी

कायद्याच्या कलम ५२ ए प्रमाणे प्रसिद्ध होणाऱ्या ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष छापणे बंधनकारक आहे. त्यापलीकडे प्रत्येक गाण्याखाली वादकांची नावे, ध्वनिमुद्रणाचे वर्ष आणि जागा द्यावी. प्रस्तावना एक-दीड पानाची असावी आणि ती बँडबाहेरच्या व्यक्तीने लिहावी, कारण बँडमधील माणूस आभार मानण्यातच पान संपवतो. अल्बममध्ये कन्नड गाणी असतील तर त्यांची नावे कन्नड लिपीतही छापावीत आणि ती कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावीत. सीमाभागात नावातील एका अक्षराची चूकही हेतुपुरस्सर केल्याचे समजले जाते.

इंटरनेटवर प्रसिद्ध करताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक लागतो. जे ध्वनिमुद्रण पूर्वी प्रसिद्ध झाले आहे आणि बदललेले नाही त्याला जुनाच क्रमांक द्यावा. नवे मिक्स केले किंवा गाणे कापून लहान केले तर नवा घ्यावा. बँडचे नाव पूर्वीच्या प्रकाशनांत जसे लिहिले होते तसेच, एकाही चिन्हाचा फरक न करता, लिहावे, अन्यथा ध्वनिसेवेवर त्याच बँडची दोन पाने तयार होतात. ‘विविध कलाकार’ ही नोंद एकाच बँडच्या संकलनाला लावू नये.

प्रकाशनाची वेळ ठरवताना दिनदर्शिका उघडून बसावे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की ब्रासवाले सुपाऱ्यांमध्ये अडकतात, वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीने शहर व्यापलेले असते, आणि श्रावणात गणेशोत्सवाची तयारी सुरू होते. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत वादक मोकळे असतात. बंदिस्त सभागृहातील प्रकाशन-कार्यक्रम तेव्हाच ठेवावा, आणि त्याच्या तालमीसाठी आधीच्या लग्नसराईतच वादकांच्या तारखा पक्क्या करून ठेवाव्यात.

काम पूर्ण झाल्यावर अंतिम फाइली, मूळ फाइली, करारांच्या प्रती आणि नोंदवही यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि त्यांतील एक घर खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात नसेल तर बरे. निवडीत न आलेली गाणीही त्याच हार्ड डिस्कवर, त्यांच्या नोंदींसह, जपून ठेवावीत.